गुलाबांची युद्धं: निकाल टाउटनला लागला की बॉसवर्थला?

उंटावरचा शहाणा: यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांत इंग्लंडच्या गादीवरून १४५५ पासून जी भाऊबंदकी पेटली, तिचा निकाल बॉसवर्थला लागला असं सगळे धरून चालतात. मला पटत नाही. खरी लढाई टाउटनची, २९ मार्च १४६१. बर्फ पडतोय, वारा यॉर्कवाल्यांच्या पाठीशी. त्यांच्या फॉकनबर्गने तिरंदाजांकडून बाण सोडवले आणि त्यांना मागे घेतलं. समोरच्यांना बर्फात धड दिसेना. त्यांनी भाते रिकामे केले, पण बाण अलीकडेच पडले. तेच उपटून यॉर्कवाल्यांनी परत मारले! नंतर पळणारे कॉक ओढ्यात बुडाले. यॉर्कच्या १८ वर्षांच्या राजा एडवर्डची गादी पक्की झाली.

मेथीची जुडी: पक्की? १४७० मध्ये हेच महाराज समुद्रापार पळाले की! टाउटनला माणसं मेली, दावेदार नाही. लँकेस्टरचा राजा सहावा हेन्री, त्याची राणी मार्गारेट आणि राजपुत्र तिघंही स्कॉटलंडला निसटले. बॉसवर्थला (२२ ऑगस्ट १४८५) खुद्द यॉर्कचा राजा तिसरा रिचर्ड पडला, आणि त्याचा एकुलता एक औरस मुलगा आधीच गेलेला. याला म्हणतात निकाल.

उंटावरचा शहाणा: मग दावेदारच मोजायचे तर ट्यूक्सबरी घ्या, ४ मे १४७१. राजपुत्र तिथे मेला, आणि त्याच महिन्यात सहावा हेन्री लंडनच्या टॉवरमध्ये (किल्ल्यातल्या कैदेत) 'वारला'. लँकेस्टरची थेट शाखा संपली. बॉसवर्थ जिंकणारा हेन्री ट्यूडर आईकडून लांबचं नातं सांगत आलेला.

चहा बिनसाखर: ट्यूक्सबरीच्या तीन आठवडे आधीची बार्नेटची लढाई विसरू नका. दाट धुकं. लँकेस्टरकडून लढणाऱ्या सरदार ऑक्सफर्डच्या माणसांचं चिन्ह किरणांचा तारा, एडवर्डचं तळपता सूर्य. धुक्यात गफलत झाली म्हणतात, आणि त्याच बाजूच्या सरदार वॉरिकच्या लोकांनी आपल्याच मित्रांवर बाण सोडले. 'फितुरी, फितुरी' ओरडत फळी फुटली, वॉरिक मारला गेला. तो जिंकता तर तुमचं ट्यूक्सबरी झालंच नसतं.

बाकी टाउटनच्या २८,००० मृतांचा आकडा जपून वापरा. तो तेव्हाच्या पत्रांतला आहे, आजचे बरेच अभ्यासक मानत नाहीत.

उंटावरचा शहाणा: आकडा मी दिलेलाच नाही, पण मुद्दा मान्य.

मेथीची जुडी: बार्नेटचं पटलं. तरी बॉसवर्थ सोडणार नाही.

चहा बिनसाखर: ताई, बॉसवर्थ लढून कमी, वाट बघून जास्त जिंकलं. रिचर्डच्या बाजूच्या सरदार नॉर्थम्बरलंडची फौज जवळजवळ हललीच नाही. विल्यम स्टॅन्ली बाजूला उभा राहून बघत होता, आणि रिचर्ड थेट हेन्रीवर चालून गेला तेव्हा कुठे त्याने घोडे घातले. शिवाय १४८७ मध्ये हेन्रीला स्टोकला यॉर्कवाल्यांशी पुन्हा लढावं लागलंच. आणि ज्या स्टॅन्लीने वाचवलं, त्याचं डोकं हेन्रीने १४९५ मध्ये उडवलं.