शब्दचर्चा : ‘परिहार’, ‘भरपाई’ आणि ‘दायित्व’

प्रश्न (निपाणी) : कैगा अणुवीज केंद्राविषयीचा एक कन्नड मजकूर मराठीत आणताना मी अणुअपघातानंतरचा ‘परिहार’ तसाच ठेवला. आमच्याकडे पुराच्या पैशांनाही माणसे ‘परिहार जमा झाला का?’ असेच विचारतात. एका ज्येष्ठांनी मात्र तो खोडला. शिवाय ‘लायबिलिटी’साठी जबाबदारी लिहावे की दायित्व?

उत्तर (बेळगाव) : ज्येष्ठांचे बरोबर आहे. मराठीत शंकेचा परिहार होतो, श्रमपरिहार होतो. म्हणजे परिहार हे निवारण आहे. ‘अणुअपघाताचा परिहार’ असे वाचणारा पुण्याचा वाचक अपघात टाळण्याचे उपाय समजेल, तर कन्नडमध्ये ‘नष्ट परिहार’ म्हणजे नुकसान झाल्यानंतर मिळणारी रक्कम. तेव्हा भरपाई किंवा नुकसानभरपाई हेच योग्य. बोलण्यातला परिहार मात्र खुशाल राहू द्यावा, तो आपल्या भागाचा आहे.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. जबाबदारीत ‘जबाब’ आहे, आणि जबाब मागितला की चूक कोणाची हा प्रश्न आपोआप येतो. 2010 च्या अणुनुकसानविषयक कायद्याची रचना याच्या उलट होती : केंद्र चालवणाऱ्याची चूक सिद्ध करण्याचे ओझे पीडितावर नव्हते, नुकसान अणुअपघातामुळे झाले एवढे दाखवणे पुरेसे होते. ‘दायित्व’ ‘दा’ या धातूपासून, म्हणजे देणे ज्याच्याकडे लागते त्याची स्थिती. म्हणून येथे दायित्वच नेमके बसते. या कायद्याच्या इंग्रजी नावातल्या ‘सिव्हिल’साठी ‘नागरी’ लिहिण्याची सवय मात्र सोडावी. कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या कोणालाही ‘दिवाणी’ कळते.

पुन्हा प्रश्न : मग सुटे भाग पुरवणारी कंपनी? तिचे दायित्व की जबाबदारी?

उत्तर : तिच्याबाबत चूक कोणाची हा विचार परत येतो. त्याच कायद्याच्या 17 व्या कलमानुसार केंद्राचा चालक आधी भरपाई देणार होता. मोठ्या केंद्रांसाठी त्याची मर्यादा 1500 कोटी रुपये होती. त्यानंतर सदोष सामग्री किंवा निकृष्ट सेवा अपघाताला कारण ठरल्यास ती रक्कम पुरवठादाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला होता. भोपाळ खटल्याचा निकाल त्याच वर्षी जूनमध्ये लागला होता, आणि संसदेतील चर्चेवर त्याची छाया होती. या हक्काला मी ‘परतवसुली’ म्हणेन. ‘प्रत्यावर्तनाचा अधिकार’ वाचून पुरवठादारसुद्धा बिनघोर झोपेल.

पुरवणी (खानापूर) : कन्नडमध्ये दायित्वाला ‘होणेगारिके’ म्हणतात. त्यातील ‘होणे’ म्हणजे हमी किंवा जबाबदारी. आपल्या क्रियापदाशी त्याचे नाते नाही. आमच्या शाळकरी मुलांना मात्र हे दरवर्षी नव्याने सांगावे लागते.