कमिटीच्या निवडणुकीनंतर मंडळीत दोन पार्ट्या झाल्यात, एकोपा परत यायला नेमकं काय लागतं?

पिंपरीचा_तरुणसंघ

जय ख्रिस्त सगळ्यांना. आमची मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, मध्यम आकाराची, बरीचशी घरं नगर, जालना, सोलापूरकडून कामधंद्याला आलेली. मागच्या कमिटीच्या निवडणुकीपासून सरळ दोन पार्ट्या पडल्यात. उपासनेला सगळे येतात पण बाकं वाटून घेतल्यासारखी, डावीकडे हे आणि उजवीकडे ते. ख्रिसमसला घरोघरी गाणी म्हणत जायच्या कॅरलच्या फेऱ्या पण दोन निघाल्या, एका घरी दोन्ही फेऱ्या गेल्या तर त्या काकूंनी बिचाऱ्यांनी दोनदा चहा टाकला. पाळकसाहेब प्रीतीवर संदेश देतात, सगळे आमेन म्हणतात आणि गेटबाहेर पडलं की पुन्हा घोळके वेगळे.

प्रश्न असा की बायबलमध्ये पौलाने लिहिलेल्या कलस्सैकरांच्या पत्रात तिसऱ्या अध्यायात करुणा, ममता, सौम्यता, लीनता, सहनशीलता, क्षमा आणि सगळ्यांवर प्रीती अशी मोठी यादी आहे, त्यातलं आधी काय धरायचं? तरुण संघाच्या बैठकीत यावर बोलायचं काम माझ्याकडे आलंय. आणि प्लीज "प्रार्थना करा" एवढंच लिहू नका, ती चालू आहे.

नगरकर_जुना

जय ख्रिस्त. मी सांगतो ते तुझ्या यादीत नाही पण माझ्या मते पहिलं तेच. सरळ व्यवहार. मंडळ्यांमधली भांडणं मी बरीच पाहिलीत, शिकवणुकीवरून पडलेली फूट क्वचित, बाकी सगळी हिशोब, हॉलचं भाडं, दफनभूमीची जागा आणि कोणाच्या पोराला मिशनच्या शाळेत चिकटवलं यावरून.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढ. यरुशलेमची पहिली मंडळी, पेन्टेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस, होऊन फार काळ झालेला नाही, तरी कुरकुर सुरू झाली की रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना डावललं जातंय. आता बघ प्रेषितांनी काय केलं. कुरकुर करणाऱ्यांना "तुमचा विश्वास कमी आहे" असं म्हणाले नाहीत. मंडळीलाच सांगितलं की चांगल्या नावाचे सात जण तुम्ही निवडा, आणि स्तेफन, फिलिप्प धरून जी सात नावं आली ती सगळी ग्रीक! म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुतेक त्यांच्याच माणसांच्या हातात वाटप गेलं. हे आपल्याकडे होईल का, हरलेल्या पार्टीच्या माणसाला खजिनदार करतील का, सांग बरं.

आणि प्रेषित पौल बघ. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा पैसे स्वतःच्या पिशवीत घालून निघाला नाही, आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला आणखी एक भाऊ पाठवला आणि २ करिंथकर ८ मध्ये कारणही लिहून ठेवलं की या रकमेवरून कोणी आमच्याकडे बोट दाखवू नये. पौलावर कोण संशय घेणार होतं? तरीसुद्धा. आपल्याकडे हिशोब मागितला की लगेच "तुमचा आमच्यावर भरवसा नाही का" सुरू होतं.

सोलापूरची_मावशी

नगरकर भाऊंचं बरोबर आहे पण हिशोब चोख असूनही फुटलेल्या मंडळ्या आहेत हो. जीभ! याकोबानं अख्खा अध्याय त्यावर घालवलाय तो उगीच नाही.

बाळा, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अध्याय १८. भावाने तुझा अपराध केला तर आधी तू एकटा त्याच्याकडे जा, नाही ऐकलं तर एक दोघांना घेऊन जा, तरीही नाही तर मग मंडळीला सांग. आपण उलट्या टोकाने सुरू करतो, आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव न घेता वचन टाकायचं, कोणाला लागायचं त्याला बरोबर लागतं, मग चार घरी चहाला जाऊन सांगायचं "तुला म्हणून सांगते, प्रार्थनेत आठवण ठेव", आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी सोडून सगळ्यांशी बोलून होतं. आमच्या महिला मंडळात तर प्रार्थना विनंतीच्या नावाखाली निम्म्या चहाड्या चालतात, मी तोंडावर सांगते म्हणून माझ्यावर राग आहे काहींचा, असू दे.

आणि फिलिप्पैकरांच्या पत्राचा चौथा अध्याय वाच, युवदीया आणि सुंतुखे या दोन बायांचा. फिलिप्पैची मंडळी नदीकाठी प्रार्थनेला जमणाऱ्या बायांपासून सुरू झाली, जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया त्यातलीच. तिथल्याच या दोघी, पौलाबरोबर सुवार्तेसाठी राबलेल्या. भांडण कशावरून होतं ते पौल लिहितच नाही. कोण बरोबर तेही नाही. दोघींना वेगवेगळी विनंती करतो, म्हणजे एकीला सांगून दुसरीला गृहीत धरत नाही, आणि तिसऱ्या एका सोबत्याला म्हणतो यांना मदत कर. तुमच्याकडे हा तिसरा कोण आहे ते शोध आधी. दोन्हीकडे जेवायला जाता येतं असं एखादं माणूस प्रत्येक मंडळीत असतंच.

जुनी_पानं

इथे सहनशीलतेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

आपल्यातले बरेच जण सीएनआयचे, म्हणजे उत्तर भारतीय चर्चचे. हे चर्च २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात झालं, सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन, त्यात अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स वगैरे, आणि आपल्या नगरकडची अमेरिकन मराठी मिशनची मंडळी आधीच संयुक्त चर्चमध्ये गेली होती ती त्या वाटेने आली. या बोलण्यांची सुरुवात झाली १९२९ ला लखनौमध्ये. एक्केचाळीस वर्षं! ज्यांनी सुरुवात केली त्यातले कितीतरी शेवट बघायला उरले नसतील.

अडत काय होतं तर बाप्तिस्मा. एकाचं म्हणणं तान्ह्या लेकराला द्यायचा, दुसऱ्याचं म्हणणं कळतं झाल्यावर स्वतः कबुली दिल्याशिवाय नाही. दोघांनाही ते जिवापेक्षा प्यारं. शेवटी तोडगा असा निघाला की दोन्ही पद्धती एकाच चर्चमध्ये राहतील. आणि ऐक्याच्या विधीत वेगवेगळ्या परंपरांच्या धर्मसेवकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आता विचार करा, आपली धर्मसेवकाची दीक्षा पूर्ण आणि समोरच्याची अर्धी असं पिढ्यान्‌पिढ्या मानत आलेल्या माणसाने समोरच्यापुढे डोकं वाकवायचं म्हणजे काय. माझ्यासाठी नम्रतेचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण नाही.

अर्थात सगळं गोड झालं नाही. दक्षिण आशियातलं मेथडिस्ट चर्च अगदी शेवटच्या टप्प्यात बाहेर पडलं आणि आजही वेगळंच आहे. एक झालेल्यांमध्येही नंतर मालमत्तेवरून कोर्टकचेऱ्या झाल्याच.

स्पष्टच_बोलतो

सगळं छान लिहिलंय पण मला एक खटकतंय. नम्र व्हा, सहन करा, क्षमा करा हे नेहमी कोणाला सांगितलं जातं? ज्याच्या हातात काही नाही त्याला. कमिटीवर वर्षानुवर्षं बसलेल्याला कोणी लीनतेचा संदेश देत नाही.

नगर, जालना भागात महारातून आलेले आणि मांगातून आलेले ख्रिस्ती एकमेकांना किती वर्षं टाळत होते हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे, लग्न जमवताना आजही पहिला प्रश्न कोणता असतो ते पण माहीत आहे. त्यावर कोणी बोललं की "मंडळीत फूट पाडू नका". अरे फूट आधीच आहे, तो फक्त बोट ठेवतोय.

करिंथला हेच झालं होतं. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा (म्हणजे पेत्राचा) हे तर होतंच, पण प्रभुभोजनाला जमल्यावर काही जण आधीच खाऊन पिऊन तर्र आणि गरीब उपाशी. पौल गोड बोलत नाही, सरळ लिहितो की तुमच्या एकत्र येण्याने भलं होत नाही, नुकसानच होतं. लग्नात वाचतात तो प्रीतीचा अध्याय, १ करिंथकर १३, याच भांडकुदळ मंडळीला याच पत्रात लिहिलाय. आणि अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीतून उठायला लागला तर पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. ते पण प्रीतीतच बसतं ना? म्हणून माझं मत, धैर्य हा गुण तुझ्या यादीत वरती टाक.

सोलापूरची_मावशी

@स्पष्टच_बोलतो, पटलं. पण पौलाने पेत्राला तोंडावर सांगितलं, पाठीमागे नाही. ग्रुपवर वचन टाकून तर नाहीच नाही 😄

वसईवाला

मी कॅथलिक, तुमची कमिटीची निवडणूक वगैरे आमच्यात तशी नाही पण भाऊबंदकी आमच्या धर्मग्रामातही (पॅरिशमध्ये) भरपूर, शेताच्या बांधावरून न बोलणारे सख्खे भाऊ एकाच मिस्साला, म्हणजे आमच्या उपासनेला, असतात. मिस्सात ख्रिस्तशरीर घेण्याआधी शेजाऱ्याला शांती द्यायची असते. लोक हुशारीने बसायची जागाच अशी निवडतात की नको तो माणूस शेजारी येऊ नये. खरं तर मत्तय ५ मध्ये प्रभू म्हणतो की वेदीवर अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. गंमत म्हणजे तिथे "तुझ्या मनात" नाही म्हटलेलं, "त्याच्या मनात" म्हटलंय. म्हणजे मी निर्दोष असलो तरी उठायचं मीच.

पिंपरीचा_तरुणसंघ

खूप आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. वसईवाल्यांचा मुद्दा आमच्या बाकांना अगदी लागू पडतो. मावशी, तो तिसरा माणूस म्हणजे आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका आहेत, दोन्हीकडची पोरं त्यांच्याच शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, शिकलीत, त्यांच्याशी बोलतो. नगरकर काका, हिशोबाचं कसं काढू? मी काढलं तर मला विरोधी पार्टीचा ठरवतील.

नगरकर_जुना

एकट्याने काढू नकोस. दोन्ही बाजूची दोन दोन पोरं मिळून अर्ज लिहा, कमिटीच्या नावे, साध्या भाषेत, आरोप एकही नको. जमाखर्च दर तीन महिन्यांनी छापून फलकावर लावावा एवढीच मागणी. आणि आधी तरुण संघाचा स्वतःचा हिशोब लावा, कॅरलच्या दोन्ही फेऱ्यांत जमलेल्या पैशासकट. ते अजून कोणी विचारलेलं नसेल.

पिंपरीचा_तरुणसंघ

😅 नाही विचारलं. दोन वेगळी पाकिटं आहेत, दोन वेगळ्या लोकांकडे.

नगरकर_जुना

मग तिथूनच सुरू कर.