शब्दचर्चा: ईमेलमधलं 'अर्काइव्ह'

प्रश्न: 'डिलीट'च्या शेजारी 'अर्काइव्ह' असतं. त्याला 'संग्रहित करा' म्हणतात. पण आलेला मेल साठवलेलाच असतो ना? मग हे बटण करतं काय?

उत्तर: शंका रास्त आहे. 'संग्रह' म्हटलं की काहीतरी नव्याने जपून ठेवलं असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. २००४ साली आलेल्या जीमेलने फोल्डरऐवजी लेबलं आणली. 'इनबॉक्स' हेही त्यातलंच एक. अर्काइव्ह दाबलं की तेवढं लेबल निघतं. मेल 'ऑल मेल'मध्ये असतोच, शोधला की सापडतो आणि त्यावर कुणाचं उत्तर आलं की अख्खं संभाषण परत इनबॉक्समध्ये येतं.

आउटलुकमध्ये अर्काइव्ह नावाचा फोल्डरच असतो, मेल खरोखर तिथे हलतो. जुन्या आउटलुकमधलं 'ऑटोअर्काइव्ह' त्याहून निराळं: ते जुने मेल उचलून संगणकावरच्या पीएसटी फाइलमध्ये (आउटलुकची मेल साठवायची फाइल) टाकू शकतं. मग तेच मेल फोनवर दिसेनासे होतात आणि माणूस घाबरतो, पुसले गेले की काय! नाव तेच, काम भलतंच. नाव देणाऱ्यांनी इथे वापरणाऱ्याचा विचार केलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे यासाठी चांगला रुळलेला शब्दप्रयोग आहे: 'दप्तरी दाखल करणे'. प्रकरण दप्तरी दाखल झालं म्हणजे पुढची कार्यवाही उरली नाही, टेबल मोकळं झालं. पण कागद फाडलेला नाही, मागितला तर काढून देता येतो. जीमेलचं बटण नेमकं हेच करतं. 'अभिलेख' हा शब्द मात्र कंपन्या कायद्यापोटी वर्षानुवर्षं मेल राखून ठेवतात त्यासाठी ठेवावा.

प्रश्न: बटणावर एवढं मावेल का? आणि 'म्यूट' व 'इग्नोअर' एकच ना?

उत्तर: बटणावर 'हातावेगळा करा' चालेल.

म्यूट आणि इग्नोअर मुळीच एक नाहीत. जीमेलच्या म्यूटने त्या संभाषणातली पुढची उत्तरं सहसा इनबॉक्समध्ये येत नाहीत, पण राहतात. आउटलुकचं इग्नोअर ते सगळं संभाषण, पुढे येणाऱ्या मेलसकट, 'डिलीटेड आयटम्स'मध्ये पाठवतं. त्याला 'दुर्लक्ष करा' म्हणणं धोक्याचं आहे. दुर्लक्ष केलेली वस्तू जागेवर असते. ही कचऱ्यात जाते, तेव्हा 'संभाषण काढून टाका' असंच लिहायला हवं.