इंदूरच्या गच्चीवरून कृत्तिकांचा फोटो, ध्रुव दिसत नसेल तर?

पलासियाकर:
नमस्कार मंडळी, १३० एमएमची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आहे (फोकल लेंथ ६५०), इक्वेटोरियल माउंटला (ताऱ्यांच्या मागे फिरणारा स्टँड) मोटर, कॅमेरा क्रॉप सेन्सरवाला डीएसएलआर. कृत्तिकांचा फोटो काढायचाय पण २० सेकंदातच तारे लांबट येतायत. उत्तरेला समोरच मल्टी (उंच बिल्डिंग) आहे त्यामुळे ध्रुव दिसतच नाही, मग पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे जुळवणं) करायची कशी? आणि शहरातून काही हाती लागेल का सरळ शहराबाहेर अंधारात, चोरलला जावं?

महूवाला:
ध्रुव आपल्याकडे जेमतेम २२-२३ अंशांवर, शहरात बहुतेकांचा बिल्डिंगमागेच असतो भिया, त्याच्यावाचून अडत नाही. माउंटवर लॅटिट्यूड २२.७ लावा, कंपासने अंदाजे उत्तर धरा आणि ड्रिफ्ट करा. म्हणजे दक्षिणेला मेरिडियनजवळ (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) खगोलीय विषुववृत्ताच्या आसपासचा एक तारा क्रॉसहेअरवर घ्यायचा, मोटर चालू ठेवायची आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसायचं. तारा उत्तर-दक्षिण सरकला तर माउंट किंचित डावी-उजवीकडे फिरवा, पूर्व-पश्चिम सरकला तर सोडून द्या. मग पूर्वेकडचा खालचा तारा घेऊन तेच, फक्त या वेळी उंचीचा स्क्रू. सरकणं वाढलं की उलट्या बाजूला फिरवायचं. वेळ जातो पण एवढं नीट केलं की तारे गोल येतात.

गच्चीवरची दुर्बीण:
शहरातून तारे छान येतात, आयएसओ ८०० ठेवून १५-२० सेकंदाच्या शंभरेक फ्रेम घ्या आणि सिरिल सॉफ्टवेअरमधे स्टॅक करा (एकावर एक जुळवून एक फोटो), फुकट आहे. तुमच्या फ्रेममधे साधारण दोन अंश बाय सव्वा अंश मावतं, मुख्य तारे आरामात बसतील. ताऱ्यांभोवतीचा निळा धूसरपणा मात्र गच्चीवरून विसरा, तो वाटेत आलेल्या धुळीवरून परतणारा उजेड आहे, फार मंद, त्याच्यासाठी चोरलच. फोकस लाइव्ह व्ह्यू १० पट करून बाहतिनोव मास्कने (दुर्बिणीच्या तोंडावर लावायची फटींची चकती), डोळ्यावर विश्वास नको.

महूवाला:
आणि तारीख बघून जा. कार्तिक पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांपाशीच असतो, ती रात्र वाया. दिवाळीच्या अमावास्येला फटाक्यांचा धूर. त्यापुढची अमावास्या धरा (आपली कार्तिकातली, इथल्या हिंदी पंचांगात मार्गशीर्षातली), मध्यरात्रीच्या सुमारास कृत्तिका जवळजवळ डोक्यावर येतात, हवेचा थर सगळ्यात पातळ.

पलासियाकर:
खूप आभार दोघांचे! दक्षिण आणि पूर्व दोन्ही मोकळ्या आहेत, आजच ड्रिफ्ट करून बघतो. मास्क पुठ्ठ्याचा चालेल?

गच्चीवरची दुर्बीण:
चालतो की, फक्त काळा आणि कडक पुठ्ठा घ्या आणि फटी कटरने सरळ कापा. फोटो घ्यायच्या आधी काढायला विसरू नका.