छोट्या कामात पर्यावरणपूरक बांधकाम परवडतं का?

सिन्नरकर: नाशिककडं बंगले, रो हाऊसची कामं घेतो, वर्षाला तीनचार. आता गिऱ्हाईकच विचारतं भट्टीची वीट नको, दुसरं काय आहे. मोठ्या बिल्डरचं ठीक आहे हो, आपण सुरुवात कुठून करायची?

गवंडीभाऊ: फ्लाय ॲश वीट (कोळशाच्या राखेची) घ्या, एकलहऱ्याचं थर्मल स्टेशन जवळच, राख तिथलीच. साइज एकसारखी येते म्हणून प्लास्टर कमी जातं, तिथंच पैसे वाचतात. वाळूऐवजी क्रश सँड (दगड भरडून केलेली), पण धुतलेली, नाहीतर डस्टनं वाट लागते (आमची एकदा लागली, सगळं प्लास्टर तडकलं).

साइटवाली: सिमेंट पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) वापरा, त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश असते. फक्त क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, निदान १० दिवस करा, ७ वर थांबू नका. स्लॅबवर पाणी साठायला आळी करा, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा, पाण्याचा पाइप सोडून ठेवू नका. आणि लाकडी सेंट्रिंगपेक्षा (काँक्रीट ओतायचा साचा) स्टील प्लेटा भाड्यानं आणा.

सिन्नरकर: प्लेटांचं डोक्यातच नव्हतं. पाडकामाचं डेब्रिज?

गवंडीभाऊ: जोत्यात भरा, लाकूड अन् प्लास्टिक निवडून, आणि थराथरानं धुमस करून (ठोकून दाबून). आम्ही तेच करतो.