शेळी गेली, तीन करडं मागं राहिली: बाटली कुठली घेऊ? (बजेट हजाराच्या आत)

विट्याची_सून
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात आमचा घरचा दुधाचा गोठा आहे, आठ एचएफ (होल्स्टिन) गाई. शेळ्या आपल्या हौसेच्या. त्यातली एक उस्मानाबादी रात्री व्याली आणि पहाटे गेली. दोन पाटी (मादी करडं), एक बोकड. जेवढा चीक निघाला तेवढा पिळून पाजला, पण बोकड बारकं आहे, धड उभं राहात नाही. आता बाटलीवरच वाढवायची. बाटली, निप्पल आणि लागलीच तर पावडर, सगळं हजाराच्या आत बसवायचंय. दुधाचा पगार व्हायला वेळ आहे. गाईचं दूध चालेल ना?

कृष्णाकाठ
निप्पल लावलेली बादली घ्या वहिनी. आठ करडं एकदम पितात, हात मोकळे राहतात. आम्ही ऑनलाइन मागवली, साडेतीन हजार गेले पण वसूल झाले. तीनच आहेत म्हणू नका, पुढं वाढणारच की.

माणदेशी_गडी
शेळी कशानं गेली ते सांगा आधी. वार पडली होती का? विमा काढला होता का? आमची गेली तेव्हा कानातला बिल्ला हरवलेला, एक रुपया मिळाला नाही. लई हेलपाटे घातले.

शिरवळचा_डॉक्टर
बाटलीचं नंतर बघू. बोकडाच्या तोंडात बोट घाला. आतून गार लागलं तर अजिबात दूध पाजू नका. गार पडलेलं करडू चोखत नाही, गिळत नाही, दूध श्वासनळीत जातं. आधी अंग कोरडं करा, गोणपाट अंथरून डालग्याखाली ठेवा, वर बल्ब सोडा. तोंड गरम झालं, बोट चोखायला लागलं की मग पाजा. तिघांच्या नाळेला टिंक्चर आयोडीन लावा.
आणि चीक कमी पडलाय. पहिल्या 24 तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा पोटात गेला पाहिजे. म्हणजे दोन किलोच्या करडाला 200 मिली, तोही थोडा थोडा करून. एकदा दिवस उलटला की चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात शिरत नाहीत, मग कितीही पाजा. गोठ्यात कुठली गाय ताजी व्यालीय का?

विट्याची_सून
तोंड गारच आहे. ठेवलंय बल्बखाली.
गाय परवा व्यालीय, पहिल्या धारेचा चीक फ्रीजमध्ये आहे. सासूबाई खरवसाला गूळ किसत बसल्या होत्या, त्यांना थांबवलं.

शिरवळचा_डॉक्टर
उत्तम. फक्त थेट गॅसवर ठेवू नका, तुमचाही खरवस होईल. गरम पाण्याच्या पातेल्यात तांब्या ठेवून ढवळत राहा. मनगटावर थेंब टाकून बघा, कोमट लागला पाहिजे.

फलटणचा_बोअरवाला
उस्मानाबादीच्या करडावर एवढा खर्च कशाला? आमची बोअर (मटणासाठी पाळायची परदेशी शेळीची जात) क्रॉस बघा, जन्मालाच साडेतीन किलो. फलटणच्या निंबकर शेती संशोधन संस्थेमुळं आमच्या भागात बोअर आली आणि लोकांचे डोळे उघडले.

माणदेशी_गडी
उस्मानाबादी आमच्या दुष्काळात बाभळीच्या शेंगांवर जगते आणि जुळी-तिळी देते. तुमची बोअर पेंडीबिगर चार दिवस ठेवून दाखवा.

तासगावची_काकू
अगं, मेडिकलमधली लहान बाळाची बाटली आण, दीडशेच्या आत येते. निप्पलचं भोक बारीक असतं, गरम दाभणानं जरासं मोठं कर. जास्त केलंस तर ठसका लागतो. दूध मात्र म्हशीचं घाल, अंग धरतात. आमची सगळी म्हशीवरच वाढली.

कराडकर_७
म्हशीच्या दुधानं आमच्या करडांना हगवण लागली, चार दिवस शेपट्या पुसत बसलो. काफ मिल्क रिप्लेसर (वासरांची दूध पावडर) बेस्ट. गोणीच घ्या, सुटं परवडत नाही.

तासगावची_काकू
मग तुम्ही जास्त पाजलं असणार.

कृष्णाकाठ
आठ गाई दावणीला असताना पावडर विकत? डेअरी काय भाव देतीय ते बघताय ना? फॅट लागली नाही म्हणून काल परत माझे पैसे कापले. त्यापेक्षा करडांच्या पोटात गेलेलं बरं.

शिरवळचा_डॉक्टर
काकूंची बाटली बरोबर आहे. दुधाचं म्हणाल तर शेळीच्या दुधात फॅट साधारण चार टक्के, एचएफचं साडेतीनच्या आसपास, म्हशीचं सात. त्यामुळं गाईचंच द्या, पाणी न घालता. दोन किलोच्या करडाला दिवसाला 300 ते 400 मिली, चार-पाच वेळांत वाटून. एकदम पोटभर पाजलं की पोट फुगतं. आणि मांडीवर बाळासारखं उताणं घेऊ नका. उभं ठेवून, मान आपल्या आईला लुचताना असते तेवढीच वर. दर वेळी बाटली उकळत्या पाण्यानं धुवा. काही बिघडलं तर 1962 ला, जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा.

कराडकर_७
मी तेच म्हणत होतो, एकदम पोटभर पाजायचं नाही.

खटाव_एक्स्प्रेस
रात्री दोनला उठून बाटल्या कोण धुणार? शनिवारी आटपाडीच्या बाजारातून ताजी व्यालेली शेळी आणा, विषय संपला.

शिरवळचा_डॉक्टर
बाजारातली शेळी थेट करडांत सोडायची? पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) आला तर घरच्या शेळ्याही जातील. नवीन जनावर तीन आठवडे तरी वेगळं बांधतात, आणि तुम्हाला तर आजच लुचवायचंय. बाटलीच बरी.

तासगावची_काकू
डॉक्टरांचं ऐक गं. बाटलीच.

फलटणचा_बोअरवाला
बाटलीच. आणि पुढच्या वेळी बोअर.

विट्याची_सून
सगळ्यांचे आभार. बोकड रात्री उभं राहिलं, सकाळी माझी ओढणी चावत होतं. बाटली आणली होती, पाटी छान प्यायच्या, बोकड निप्पल नुसतं चघळायचं. तेवढ्यात मामंजी बाजारात न जाता गावाबाहेर उतरलेल्या मेंढपाळांच्या वाड्यावरनं शेळीच घेऊन आले! तिचं करडू गेलेलं, कास भरलेली. साडेनऊ हजार. हजाराचं बजेट मी घातलं होतं, त्यांनी नव्हतं. पहिल्या दिवशी लाथा झाडल्या. मग तिचं डोकं खुंट्याला आखडून बांधलं, तिचंच दूध करडांच्या पाठीला नि शेपटीखाली चोळलं. आता दोन्ही पाटींना घेतीय, बोकडाला अजून ढुशा देते. त्याला बाटली चालू आहे.

शिरवळचा_डॉक्टर
तिचं करडू कशानं गेलं, विचारलंत का?

विट्याची_सून
कालव्यात पडलं म्हणाले.

शिरवळचा_डॉक्टर
रोज सकाळी तिचा ताप बघा. नाकातून पाणी, तोंडात फोड किंवा पातळ हगवण दिसली तर करडं लगेच बाजूला काढा. घरच्या बाकी शेळ्यांना पीपीआरची लस झालीय का?

माणदेशी_गडी
विमा काढा.

कराडकर_७
बाटली विकायची आहे का?