चालायला न धजणाऱ्या कुत्र्याला ओढावे, की त्याच्यासाठी थांबावे?

रामबागकर (धागा)

सकाळी आमच्या इंदूरच्या रामबाग-नारायणबाग परिसरात एक दृश्य हटकून दिसते. कुत्रा फाटकाबाहेर चारही पाय रोवून उभा असतो आणि मालक ‘चल, चल’ करीत त्याला गळ्याने खेचत असतो. या पद्धतीने कुत्रा काहीही शिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. गळ्याला ताण बसला की तो बहुधा उलट दिशेनेच जोर लावतो आणि आपण त्यालाच हट्टीपणा म्हणून मोकळे होतो. गळपट्ट्यावर जोर पडला की डोळ्यांतला दाब वाढतो, छातीपट्ट्याने मात्र वाढत नाही, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते.

मुळात असा कुत्रा बहुधा घाबरलेला असतो. पिल्लू तीन ते चौदा आठवड्यांचे असते, त्या काळात त्याला ज्या गोष्टींची ओळख होत नाही, त्या पुढे भीतीच्या ठरण्याचा संभव मोठा. आणि इंदुरात तर गाणे वाजवत येणारी कचरागाडी रोजची, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीचे, ढोल वेगळेच. म्हणून सुरुवात रस्त्यावर न करता घरात करावी. आधी पट्टा नुसता घालून ठेवावा, मग बैठकीत, मग जिन्यात, मग फाटकापर्यंत, असे अंतर वाढवत जावे. त्याने स्वतःहून दोन पावले टाकली की आपल्या गुडघ्यापाशी पनीरचा बारीक तुकडा द्यावा; तुकडा पुढे धरून आमिष दाखवू नये, पाऊल पडल्यानंतरच द्यावा. दोरी ताणली गेली की आपण उभे राहावे, त्याने वळून पाहिले आणि दोरी सैल झाली की निघावे. पहिले अनेक दिवस आपण कोपऱ्यापर्यंतही पोहोचणार नाही, याची मनाची तयारी हवी.

जुना महूकर

आपण लिहिलेले वाचायला गोड आहे, पण रस्ता आपल्या सोयीने चालत नाही. माझे बालपण इंदूरजवळच्या महूच्या लष्करी छावणीत गेले. तिथे हुकूम दिला की कुत्रा उठत असे आणि तो दुःखी दिसत नसे. आपल्या गल्लीत चार भटकी कुत्री एकदम धावून येतात, तेव्हा पनीरचे तुकडे मोजत बसायला वेळ कुणाला आहे? तीस किलोचा लॅब्राडोर एखाद्या वृद्ध बाईंना ओढत चौकात नेतो, तेव्हा एक ठाम हिसकाच दोघांचा जीव वाचवतो. शिवाय पाठीवर कडी असलेला छातीपट्टा घातला की कुत्रा सगळ्या छातीने जोर लावून आणखीच ओढतो, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. कळपात नायक एकच असतो आणि तो आपण आहोत, हे त्याला कळलेच पाहिजे.

अंगण आहे त्यांच्यासाठी

इतका खटाटोप करावाच कशाला? ज्याला बाहेर जायचे नाही, त्याला अंगणात बांधून ठेवावे. ऊन नाही, भटक्यांची भीती नाही.

रामबागकर

अंगणवाल्यांना आधी उत्तर देतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, सतत साखळीला बांधलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम न देणे हीदेखील क्रूरताच आहे. तेव्हा अंगण ही पळवाट नाही.

महूकरांचा छातीपट्ट्याचा मुद्दा मला मान्य आहे. कडी पुढे छातीवर असलेला पट्टा घ्यावा, त्याने ओढणारा कुत्रा आपोआप आपल्याकडे वळतो. मात्र आपण दोन वेगळी कुत्री एकत्र केली आहेत. जो ओढतो तो उतावीळ असतो, जो बसतो तो भ्यालेला असतो, आणि धाग्याचा विषय हा दुसरा आहे. भ्यालेला कुत्रा ओळखू येतो: तो नाक चाटतो, उगाच जांभई देतो, कान मागे पाडतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. घरात ज्या पनीरवर तो झेप घेतो, तेच रस्त्यावर हुंगूनही पाहत नसेल, तर त्याची सहनशक्ती संपली आहे असे समजावे आणि पुढे न ढकलता मागे फिरावे. तिथे हिसका दिला तर त्याला एवढेच कळते की कचरागाडी आली की मान आवळते.

राहिली कळपाच्या नायकाची गोष्ट. ती मुख्यतः प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या लांडग्यांवरील १९४७ च्या निरीक्षणांवरून रूढ झाली, आणि ते लांडगे बंदिवासातले होते. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, असे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये मांडले.

सुदामानगरवासी

दोघांचे चालू द्या, पण आधी पशुवैद्याला दाखवा. काल चालणारा कुत्रा आज बसला, तर गोचिडताप, वाढलेले नख, कंबरेचे दुखणे किंवा मे महिन्यातल्या डांबराने भाजलेले तळवे, यांपैकी काहीही असू शकते. हाताचा उलटा पंजा रस्त्यावर काही सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्यालाही नेऊ नये.

जुना महूकर

तळव्यांचे पटले. लांडग्यांचेही एक वेळ मान्य करतो, पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. भटक्यांची टोळी अंगावर आली तर आपण काय कराल?

रामबागकर

हिसका तेव्हाही देणार नाही. कुत्र्याला माझ्या आणि भिंतीच्या मध्ये घेऊन, दोरी आखूड धरून, वळण घेऊन निघून जाईन. हे ‘वळ’ मात्र गल्ली रिकामी असताना, बक्षीस देऊन, रोज घोटून घ्यावे लागते. शिवाय जिथे टोळी ठरलेली आहे, त्या गल्लीने भित्र्या कुत्र्याला नेण्याचा हट्ट कशासाठी?

जुना महूकर

कारण माझ्या घरातून बाहेर पडायला दुसरी गल्लीच नाही. मी वळण घोटून पाहीन, पण हातातली दोरी आखूडच राहील आणि गरज पडली तर ओढीनही. ज्याच्या पिंडरीला कधी दात लागलेला नाही, त्याने मला ढिल्या दोरीचे फायदे सांगू नयेत.